घास हातात आणि डोळे मिटलेले

(वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं. पत्रं थोडी संक्षिप्त केली आहेत; नावं विनंतीवरून गाळली आहेत.)

प्रश्न : मॅडम, नमस्कार. आम्ही पलूस तालुक्यातले. दिवाळीनंतर कारखाना सुरू झाला तसे आमचे मालक ट्रॅक्टरवर आहेत. ट्रॅक्टर घरचा, मागं दोन ट्रेलर, बँकेचा हप्ता चालू. फडातनं ऊस भरून निघायला संध्याकाळ होते. कारखान्यावर नंबर लागून गाडी खाली व्हायला कधी मध्यरात्र, कधी पहाट. घरी येऊन तीन-चार तास पडतात, तोवर मुकादमाचा फोन. वय ४१. दारू नाही, तंबाखू आहे. झोपेचा विषय काढला की म्हणतात, "मला कुठं झोप लागत नाही? आडवं झालं की लागतीय." लागते खरी, पण घोरणं इतकं की पोरं उठून सोप्यात जाऊन झोपतात. मधेच घोरणं थांबतं, घर एकदम शांत होतं आणि मग हबकल्यासारखा श्वास घेतात. परवा जेवताना घास हातात होता आणि डोळे मिटले होते. हाक मारली तर म्हणाले, "खातोय की." गेल्या आठवड्यात मागचा ट्रेलर साईडपट्टीवर उतरला. कसं झालं विचारलं तर त्यांना सांगता येत नाही. सकाळी डोकं दुखतं. एकदा बीपी तपासलं तर १५०/१०० निघालं. पोरांवर खेकसतात, आधी असे नव्हते. सासूबाई म्हणतात, हंगामात सगळ्यांचंच असं असतं, कारखाना बंद झाला की झोप भरून निघेल. निघेल का? आणि नेमकं कधी घाबरायचं?

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं घासाचं वाक्य मी दोनदा वाचलं. घाबरायची वेळ कधी येते, असं तुम्ही विचारता. ती आलेली आहे. त्यांचा घास थांबला त्या रात्रीच आली.

आधी त्यांचं म्हणणं घेऊ. "आडवं झालं की लागते" हे आपल्याकडे निरोगीपणाचं लक्षण समजतात. झोप पुरी झालेल्या माणसाला अंथरुणावर पडल्यावर दहा-पंधरा मिनिटं लागतात. दिवेलागणीला असो की भर दुपारी, पाठ टेकताच जो माणूस विझतो, त्याच्या डोक्यावर झोपेचं कर्ज चढलेलं असतं. मेंदू ते कर्ज सवडीनं फेडून घेत नाही, मिळेल तिथं वसूल करतो. जेवताना, बोलताना, स्टिअरिंगवर. ही डुलकी दोन-चार सेकंदांची असते, कधी तर डोळे उघडेही असतात. नंतर माणसाला ती आठवत नाही. म्हणूनच ते "खातोय की" म्हणाले. खोटं बोलले नाहीत, त्यांना खरंच तसं वाटलं.

भरलेला ट्रॅक्टर ताशी २० किलोमीटरनं चालला तरी चार सेकंदांत २२ मीटर पुढं जातो. तेवढ्यात शाळा सुटलेली असते, सायकली असतात, समोरून दूधवाला येत असतो.

हे मी पुस्तकातलं सांगत नाही. निवासी डॉक्टर होते तेव्हा सलग दीड दिवसाची ड्यूटी करून मी स्कूटरवरून मिरजेहून सांगलीला येत होते. विश्रामबागचा चौक आठवतो. त्यानंतर आठवतं ते एकदम रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगात घुसलेलं चाक आणि सोललेलं कोपर. मधला रस्ता माझ्या आयुष्यातच नाही. निघताना सोबतची नर्स म्हणाली होती, "थोडं पडा आणि मग जा." मी म्हणाले होते, "मी ठीक आहे." त्या वाळूच्या जागी एखादं पोर असतं तर, हा विचार इतक्या वर्षांनीही त्या चौकातून जाताना येतो.

"मी ठीक आहे" हेच या दुखण्यातलं सगळ्यात फसवं वाक्य. २००३ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या संशोधकांनी धडधाकट माणसांना सलग चौदा रात्री फक्त सहा-सहा तास झोपू दिलं. रोज त्यांचं लक्ष किती टिकतं ते मोजलं. दर दिवशी ते खाली येत गेलं आणि शेवटी एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकं झालं. पण झोप येते का असं विचारलं तर ती माणसं म्हणत, थोडीशीच. पहिले काही दिवस पेंग जाणवते, पुढं तीच नेहमीची अवस्था वाटायला लागते. तुमच्या मालकांना तर सहा तासही मिळत नाहीत, आणि दिवाळीपासून. त्यामुळं त्यांच्या झोपेचा निवाडा त्यांच्यावर सोडू नका. तुम्ही जे पाहिलंत तो पुरावा आहे आणि तो त्यांच्या शब्दापेक्षा भक्कम आहे.

दारू नाही हे फार चांगलं. पण ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांच्या, १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हात-डोळे १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम दारू असल्यासारखे चालतात असं दिसलं. आपल्या कायद्यात ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की तो मद्यपी चालक. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला कारखान्याच्या रांगेत असतो तेव्हा त्याचे १७ तास भरलेले असतात आणि अजून परतीचा रस्ता बाकी असतो.

आता घोरणं. सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. हंगामामुळं जी झोप बुडते ती हंगाम संपल्यावर बरीचशी भरून निघेल. पण घोरता घोरता श्वास थांबणं हे हंगामाचं दुखणं नाही. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट मिटते. छाती ओढत राहते पण हवा आत जात नाही, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू दचकून माणसाला अर्धवट जागं करतो. तो हबकून घेतलेला श्वास म्हणजे हेच. एका तासात हे वीस-तीस वेळाही होतं आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. सकाळची डोकेदुखी, चढलेलं बीपी, चिडचिड, दिवसाची पेंग, सगळं या एका धाग्यात ओवता येतं. तपासल्याशिवाय मी ठामपणे सांगणार नाही, पण माझा संशय दाट आहे. आणि तसं असेल तर एप्रिलमध्ये आठ तास झोपूनही ते थकलेलेच उठतील.

म्हणून एक काम आज रात्रीच करा. ते गाढ झोपले की मोबाईल उशाजवळ ठेवून पाच मिनिटांचं रेकॉर्डिंग करा, घोरणं थांबून पुन्हा सुरू होतं ते त्यात यायला हवं. शांत झालेल्या वेळेत मनातल्या मनात आकडे मोजा. दहाच्या पुढं गेलात तर ते डॉक्टरांना सांगायचं. हे रेकॉर्डिंग त्यांनाही ऐकवा, पण भांडणात नको. पोटभर जेवून ओट्यावर बसले असतील तेव्हा. माझ्या पेशंटांपैकी अनेक पुरुष बायकोच्या सांगण्यानं आले नाहीत, स्वतःचा बंद पडलेला श्वास ऐकून आले.

मग कान-नाक-घसा किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जा. स्लीप स्टडी म्हणजे रात्रभर बोटाला, छातीला, नाकापाशी पट्ट्या लावून श्वास मोजायचा. सुई नाही, भूल नाही. निदान झालं तर नाकावर मास्क लावून हवेचा दाब देणारं सीपॅप नावाचं मशीन असतं. किंमत ऐकून लोक दचकतात, पण आधी भाड्यानं वापरून बघता येतं का ते विचारा. वजन जास्त असेल तर ते उतरवणं आणि कुशीवर झोपणं यानंही फरक पडतो. बीपीचं मात्र थांबू नका, गावातल्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात दोन-तीनदा मोजून घ्या.

दवाखान्यात एक प्रश्नावली विचारतील. मेलबर्नच्या डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ साली केलेली, आठ प्रश्नांची. टीव्ही बघताना, जेवणानंतर शांत बसल्यावर, तासभर गाडीत नुसतं बसल्यावर, कुणाशी बोलत असताना डुलकी लागण्याची शक्यता किती, असे प्रश्न असतात. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण दहाच्या वर गेलं की तपासणी हवी. ती तुम्ही दोघांनी वेगवेगळी भरा. दोन बेरजांमधला फरकच पुष्कळ सांगतो.

तोवर काय? ट्रॅक्टर उभा करा असं इथं सांगलीत बसून लिहिणं मला सोपं आहे. हप्ता तुम्हाला भरायचा आहे. तरी एक गोष्ट अडून बसून सांगते. ज्या दिवशी चालवताना डुलकी लागली, मधला रस्ता आठवेना किंवा गाडी पट्टी सोडून उतरली, त्या दिवशी पुढची खेप दुसऱ्यानं करायची. दीर, भाचा, रोजंदारीवरचा ड्रायव्हर, कुणीही. पहाटे दोन ते पाच हा शरीराचा सगळ्यात मंद वेळ, त्यातलं चालवणं शक्य तेवढं टाळायचं. रांगेत नंबर यायला वेळ असेल तर कपभर चहा घेऊन लगेच वीस मिनिटं डोळे मिटायचे. चहाचा असर व्हायला साधारण अर्धा तास लागतो, त्यामुळं उठताना दोन्हीचा फायदा होतो. पण झोपायचं ते सीटवर किंवा यार्डाबाहेरच्या सुरक्षित जागी. ट्रेलरच्या सावलीत, चाकापाशी कधीही नाही. अंधारात मागची गाडी हलली की तिथं झोपलेला माणूस कुणाला दिसत नाही. तंबाखू, काच उघडणं, मोठ्यानं गाणी लावणं यानं झोप काही मिनिटं पुढं ढकलली जाते, एवढंच. आणि घरी येतील तेव्हा खोलीत अंधार करा, त्यांचा फोन तुमच्याकडे घ्या. मुकादमाला सांगायचं, पाच तास फोन लागणार नाही. तुकड्यातुकड्यानं सहा तासांपेक्षा सलग पाच तास पुष्कळदा बरे.

बोलणं अडखळलं, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात लुळा वाटला तर ती झोप नव्हे. लगेच १०८ ला फोन. दुसऱ्या घरांसाठीही लिहून ठेवते. झोपायला वेळ आहे, अंथरूण आहे, तरी आठवड्यातून तीन रात्री झोप लागत नाही आणि तीन महिने हेच चाललंय, तर तो निद्रानाश, त्याला उपचार आहेत. रात्र रात्र जागूनही माणूस थकत नाही, एकसारखा बोलतो, वाटेल तसा पैसा उधळतो, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा, थांबू नका. आणि जागरणासोबत जगणं नको वाटत असेल तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर रात्रीही चालू असतो. मराठीत बोलता येतं.

ताई, ट्रेलर उतरला तेव्हा तुम्ही दुसऱ्या कुणाला बोलला नाहीत, पण पत्र लिहिलंत. आता ते रेकॉर्डिंग करा आणि दोघं मिळून जा. शक्यतो या महिन्यातच.

प्रश्न : मी तासगावचा निवृत्त शिक्षक, वय ६९. रात्री दहाला झोपतो, चारला जाग येते. दुपारी अर्धा तास पडतो. दिवसभर द्राक्षबागेत फिरतो, पेंग येत नाही. मुलगा म्हणतो आठ तास झालेच पाहिजेत, म्हणून मित्राच्या सांगण्यावरून तीन महिने झोपेची अर्धी गोळी घेतो. आता सकाळी तोल जातो. काय करावे?

उत्तर : गुरुजी, तुमची झोप ठीक होती. वय वाढलं की जाग लवकर येते. दिवस ताजातवाना जात असेल तर साडेसहा तासांना आजार म्हणायचं कारण नाही. तोल जातोय तो बहुधा गोळीनं. तुमच्या वयात या गोळ्यांनी पडझड होते, खुब्याचं हाड मोडतं, विसरायला होतं. पण उद्यापासून एकदम बंद करू नका. तीन महिन्यांची सवय अचानक तोडली तर झोप पार उडते, हात थरथरतात, कधी झटकेही येतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवड्यांत हळूहळू कमी करायची. रात्री लघवीला उठताना आधी दिवा लावा, मिनिटभर काठावर बसा, मग पाय टाका. आणि डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची पट्टी खिशात न्या, नाव आठवून सांगू नका.