वाचकांचे प्रश्न : गॅस टर्मिनल आणि ग्रामसभेचा ठराव

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमचा टॉवेल रंगवण्याचा छोटा कारखाना असून बॉयलर कोळशावर चालतो. माझे मेव्हणे रत्नागिरी जिल्ह्यातील एका किनारी गावात ग्रामपंचायत सदस्य आहेत. तेथे द्रवरूप नैसर्गिक वायूचे, म्हणजे एलएनजीचे, बंदर-टर्मिनल प्रस्तावित असून ग्रामसभेत दोन तट पडले आहेत. टर्मिनल झाल्यास सोलापूरला स्वस्त गॅस मिळेल, तेव्हा तुम्ही बाजूने मत द्या, असे मी त्यांना म्हणालो आणि तेव्हापासून आमचे बोलणे तुटल्यासारखे आहे. ग्रामसभेच्या ठरावाने प्रकल्प थांबतो का? आणि माझे काय चुकले? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपले चुकले ते हिशेबात. टर्मिनल किनाऱ्यावर आले म्हणजे गॅस सोलापुरात पोहोचला, असे होत नाही. कोचीचे टर्मिनल 2013 मध्ये सुरू झाले, परंतु तेथून मंगळूरला जाणाऱ्या वाहिनीचे उद्घाटन जानेवारी 2021 मध्ये झाले. मधली बरीच वर्षे टर्मिनलच्या क्षमतेचा लहानसा भागच वापरात होता. दर तर आणखी दूर ठरतो. आयात वायूचा भाव खनिज तेलाशी किंवा जागतिक बाजाराशी बांधलेला असतो आणि 2022 मध्ये तो इतका चढला, की गुजरातमधील मोरबीच्या फरशीच्या अनेक कारखान्यांनी नैसर्गिक वायू सोडून प्रोपेनची, म्हणजे सिलिंडरच्या गॅसमधील एका घटकाची, वाट धरली. मेव्हण्यांच्या गावाने टर्मिनल शेजारी घ्यावे आणि टॉवेल आपले रंगावेत, ही मागणी त्यांना लागली असेल तर नवल नाही.

आता ठरावाविषयी. निव्वळ ठरावाच्या बळावर ग्रामसभेला असा प्रकल्प थांबवता येत नाही, कारण राज्यातील लहान बंदरांचा कारभार महाराष्ट्र सागरी मंडळाकडे असतो आणि पर्यावरण व किनारा नियमनाच्या मंजुऱ्या गावाच्या वरच्या पातळीवर ठरतात. म्हणून तो निरर्थक मात्र नव्हे. 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरीआधी जी जनसुनावणी होते, तिची सूचना किमान 30 दिवस आधी द्यावी लागते, पर्यावरण अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात व जिल्हा परिषदेत पाहण्यास ठेवावा लागतो, आणि मांडलेल्या मुद्द्यांचे निवेदन शेवटी स्थानिक भाषेत वाचून दाखवावे लागते. तेथे गणपूर्तीची अट नाही, कारण तेथे मतदान नसते. हात किती वर झाले हे मोजले जात नाही. लेखी मुद्द्यांना मात्र कंपनीला अंतिम अहवालात उत्तर द्यावे लागते. त्यामुळे ‘आमचा विरोध आहे’ एवढ्या एका ओळीच्या ठरावापेक्षा नेमक्या प्रश्नांचे दोन कागद अधिक वजनदार ठरतात.

प्रश्न कोणते? हा वायू उणे 162 अंश सेल्सिअसपर्यंत थंड केला, की त्याचे आकारमान सुमारे सहाशेपटीने घटते. एवढी थंडी साध्या पोलादाला सोसत नाही, ते ठिसूळ होऊन तडकते. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे 1944 मध्ये टाकी फुटून सुमारे 130 माणसे दगावली, ती युद्धकाळात निकेल कमी घातलेल्या पोलादाची टाकी होती. आज आतल्या टाकीला 9 टक्के निकेलचे पोलाद वापरतात, त्यामुळे त्या दुर्घटनेचे भय जसेच्या तसे आजच्या टाकीवर लादणे अन्यायाचे होईल. पण टाकीपासून पहिले घर किती मीटरवर आहे, हे विचारायलाच हवे. जहाज धक्क्याला असताना मासेमारीस किती परिसर बंद राहील आणि वर्षातून किती दिवस? द्रवाचा पुन्हा वायू करण्यासाठी समुद्राचे पाणी वापरणार असतील, तर ते गार झालेले, क्लोरीन मिसळलेले पाणी खाडीच्या कोणत्या तोंडाशी सोडणार? दाभोळच्या एलएनजी टर्मिनलला लाटरोधक बांध अपुरा असल्याने अनेक वर्षे पावसाळ्यात जहाजे लागत नसत. येथे बांध होणार असेल, तर वाळू कोणत्या बाजूला साचेल? रोजगाराच्या आश्वासनाबाबतही बांधकामाच्या काळातील आणि नंतरच्या नोकऱ्यांचे आकडे वेगवेगळे मागावेत, कारण बांधकाम संपल्यावर टर्मिनलला फार माणसे लागत नाहीत.

मेव्हण्यांना फोन कराल तेव्हा मताचा विषय काढू नका. मसुदा अहवाल आला आहे का, एवढेच विचारा.

प्रश्न : एलएनजी म्हणजे सिलिंडरमधलाच गॅस का? – एक वाचक, बार्शी

उत्तर : नाही. सिलिंडरमध्ये प्रोपेन व ब्यूटेन असतात. एलएनजी हा मुख्यतः मिथेन, म्हणजे रिक्षात सीएनजी म्हणून भरतात तोच. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो. एलएनजीला वास नसतो, म्हणून टर्मिनलवर गळती शोधण्याचे काम यंत्रांवर सोपवलेले असते.