पक्षपाती इतिहास शिकावा का?

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. सगळेच कुणाची तरी बाजू घेऊन लिहितात, मग इतिहासाला प्रवेश घेऊन वर्षं का घालवू, असं विचारलंस. बाजू घेतात हे खरंच आहे, त्यावर वाद नाही. पण त्यावरून तू काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

कादेशची लढाई घे. इसवी सनापूर्वी सुमारे १२७४ साली इजिप्तचा राजा दुसरा रामसेस आणि आजच्या तुर्कस्तानात राज्य असलेल्या हित्ती लोकांचा राजा मुवातल्ली आजच्या सीरियातल्या कादेश या शहरापाशी एकमेकांना भिडले. आपण एकट्याने शत्रूचा धुव्वा उडवला, असं रामसेसने कर्नाक, लक्सर, अबू सिंबेल इथल्या देवळांच्या भिंतींवर कोरून घेतलं. तेवढंच वाचलं तर फसगत ठरलेली. पण १९०६ पासून तुर्कस्तानात बोगाझकोय इथे हित्तींच्या राजधानीचं उत्खनन सुरू झालं, मातीच्या हजारो पाट्या निघाल्या आणि दुसरी बाजू समोर आली. कादेश हित्तींकडेच राहिलं होतं. पुढे हत्तुसिली या हित्ती राजाशी रामसेसचा तह झाला. इजिप्तच्या प्रतीत हित्तींचे दूत शांततेची याचना करत येतात. बोगाझकोयला सापडलेल्या प्रतीत त्या याचनेचा मागमूस नाही.

मला मात्र त्या भिंतींवरचीच एक गोष्ट जास्त मोलाची वाटते. हित्ती फौज अजून लांब आहे अशी थाप दोन हेरांनी मारली, रामसेसने ती खरी मानली आणि तो अलगद कचाट्यात सापडला, हे त्याच्याच मजकुरात आहे. स्वतःचा पराक्रम उठून दिसावा म्हणून त्याला आपली फौज पळाल्याचंही सांगावं लागलं. बढाईखोर माणूस बोलण्याच्या भरात किती कबूल करून जातो बघ! असे कबुलीजबाब हुडकायला शिकणं म्हणजेच हा विषय शिकणं, असं माझं मत आहे.

‘सगळेच पक्षपाती, म्हणून सगळेच सारखे’ हा शुद्ध आळस. रामसेसचा विजयाचा दावा टिकला नाही, हेरांची हकिगत टिकली. ही निवड पुराव्यावर होते, आवडीनिवडीवर नाही.

एकाच घटनेवरची परस्परविरोधी दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाच, तळटीपांसकट. लिहिणारा कुणाच्या पदरी होता आणि घटनेनंतर किती वर्षांनी लिहीत होता, ते आधी बघ. जकातीच्या नोंदी, हिशेबाच्या वह्या यांना कमी लेखू नकोस. लबाडी त्यातही असते, पण ती पैसे वाचवण्यासाठी, कीर्तीसाठी नव्हे. आणि जे पुस्तक तुला पहिल्याच पानापासून पटत जाईल, त्याची उलटतपासणी सगळ्यात कडक कर. आपला स्वतःचा कल कुणी दाखवून देत नाही.

प्रवेशाची मुदत संपण्याआधी हे करून बघ. कंटाळा आला तर खुशाल दुसरा विषय घे. मात्र ‘इतिहास पक्षपाती असतो’ हे कारण मला कळवू नकोस.