पुस्तके बांधणारा पामर

प्रिय चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

सनद मिळाल्यावर लिहिलेल्या पहिल्याच पत्रात तू सोळाव्या शतकातल्या इंग्लंडमधील वकील सर रिचर्ड रिचचे कौतुक केलेस. मिडल टेम्पल या लंडनमधील वकिलांच्या संस्थेत कायदा शिकून तो १५३३ मध्ये सॉलिसिटर जनरल आणि १५४७ मध्ये लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे राज्याचा सर्वोच्च कायदा-अधिकारी झाला. १५४० मध्ये आपला आश्रयदाता, राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्याविरुद्धही त्याने साक्ष दिली आणि एवढ्या राजवटी पाहून १५६७ मध्ये तो आपल्या मरणाने मेला. तरीही त्याच्या आयुष्यातला १२ जून १५३५ हा एक दिवस तू सावकाश वाचावास, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

त्या दिवशी टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत असलेले माजी लॉर्ड चॅन्सेलर सर थॉमस मोर यांची पुस्तके जप्त करण्यासाठी रिच गेला होता. राजा आठवा हेन्री हा इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख आहे की नाही, याविषयी मोरांनी चकार शब्द काढला नव्हता आणि त्यांचा सगळा बचाव त्या मौनावरच उभा होता. रिचने वकिलांना सवयीचा असलेला 'समजा'चा वाद काढला : पार्लमेंटने कायदा करून मला राजा केले, तर मानाल का? मोरांनी होकार देऊन उलट विचारले, की परमेश्वर हा परमेश्वर नव्हे, असा कायदा झाला तर? १ जुलैला वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये रिचने शपथेवर सांगितले, की त्या बोलण्यात मोरांनी राजाचे प्रमुखपद नाकारले. ही साक्ष साफ खोटी आहे, असे मोरांनी सांगितले. ६ जुलैला त्यांचा शिरच्छेद झाला.

टॉवरमधल्या त्या खोलीत पुस्तके नेण्यासाठी आलेले आणखी दोघे होते, सर रिचर्ड साउथवेल आणि पामर नावाचा एक जण. मोरांचे जावई विल्यम रोपर यांनी लिहून ठेवले आहे, की आपण पोत्यात पुस्तके भरण्यात गुंतलो होतो, त्यामुळे बोलण्याकडे लक्ष नव्हते, असे पामरने सांगितले. साउथवेलचे उत्तरही त्याच धाटणीचे होते. त्यांनी रिचला दुजोरा दिला नाही, पण मोरांना वाचवेल असेही काही सांगितले नाही. हे उत्तर वाचताना मला आजही अस्वस्थ वाटते.

रिचची खुर्ची तुला मिळेल की नाही, कोण जाणे. पामरची जागा मात्र उद्यापासूनच तुझी आहे. सीनियरच्या चेंबरमध्ये तू फायली बांधत असशील आणि समोर पक्षकाराशी किंवा दुसऱ्या बाजूच्या वकिलाशी बोलणे चालू असेल. तेव्हा कान उघडे ठेव, त्याच संध्याकाळी तारीख घालून टिपण कर, आणि विश्वासाने बोललेले वाक्य कुणी पुढे फिरवून वापरू लागला, तर ते तसे नव्हते, हे त्याला तोंडावर सांग.

साउथवेल आणि पामर यांच्या जागी तू काय उत्तर दिले असतेस, ते पुढच्या पत्रात सविस्तर लिही. कळावे, हे आशीर्वाद.