देवघेव : उरलेली पानं कोणी लिहायची?

प्रश्न : मावशी, नमस्कार. मी अंबडला राहतो, डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला ‘बर्सर्क’ या जपानी मांगाचा, म्हणजे चित्रकथेचा, नाद दादाने लावला. तो एमआयडीसीत सीएनसी मशीनवर आहे आणि पहिल्या पगारापासून एकेक करत त्याने ४१ खंड जमवलेत. लेखक-चित्रकार केंतारो मिउरा २०२१ मध्ये वारले आणि गोष्ट मध्येच राहिली. पुढच्या वर्षी त्यांच्या मित्राच्या देखरेखीखाली ती पुन्हा सुरू झाली. दादा म्हणतो, ‘एक्केचाळीसला मिउरा संपले, गोष्ट संपली, आता येतंय ते डुप्लिकेट.’ मी माझ्या पैशांनी बेचाळिसावा खंड आणला, तर तो त्याने कपाटात ठेवू दिला नाही. सध्या तो माझ्या ड्रॉइंग बोर्डामागे आहे. आई म्हणते, जमिनीवरून भांडणारे भाऊ पाहिले होते, पुस्तकावरून भांडणारे आमच्याच घरात निघाले. मित्राने पुढे नेलेली गोष्ट खरी मानायची का? की अर्धवट राहिली तेच बरं? नाव छापू नका, दादा हे मासिक वाचतो.
— एक वाचक, अंबड

उत्तर : नाव छापलेलं नाही. पण अंबड, सीएनसी आणि ४१ खंड एवढं वाचल्यावर दादा ओळखणारच, तेव्हा तयारीत राहा.

आमच्या वाचनालयात मांगाचं कपाट आलं ते पोरांनी डोकं खाल्लं म्हणून. पहिल्याच महिन्यात दोन सभासदांनी ‘पुस्तक उलटं बांधलंय’ म्हणून परत आणून दिलं. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात हे त्यांना सांगेपर्यंत आमच्या बाइंडरने एक सुटलेली प्रत ‘सरळ’ शिवूनसुद्धा टाकली होती. ती तशीच आहे, शेवटापासून सुरू होते. ‘बर्सर्क’ वरच्या खणात असतं आणि अठरा पूर्ण असल्याशिवाय मी ते कोणाला देत नाही. त्यात रक्त, क्रौर्य, नको ते सगळं आहे. मी स्वतः ग्रहणाच्या प्रसंगाशी, म्हणजे बाराव्या-तेराव्या खंडातल्या हत्याकांडापाशी, पुस्तक मिटलं आणि दोन दिवस उघडलं नाही. उघडलं ते चित्रांसाठी. गोष्टीचा नायक गट्स, त्याच्या चिलखतावर भिंग धरून बघ. एकेका पत्र्यावर आडव्या-उभ्या रेघांचं इतकं बारीक जाळं आहे की माणूस हे किती वेळ काढत बसला असेल, असं वाटून आपलाच हात दुखायला लागतो.

आता मुद्द्यावर येते. ‘मित्राने पुढे नेली’ हे तू जितक्या सहज लिहिलंस, तितकं ते सहज झालेलं नाही. ही गोष्ट १९८९ पासून चालू होती. मिउरा ६ मे २०२१ रोजी गेले, महाधमनी फाटून, वयाच्या ५४व्या वर्षी. ‘यंग ॲनिमल’ पाक्षिकात ३६४वा भाग आला तो त्यांच्या मागे, सप्टेंबरात, आणि तो धरूनच तुमचा एक्केचाळिसावा खंड झाला. पुढे काय, हे तेव्हा कोणी सांगत नव्हतं. मग जून २०२२ मध्ये जाहीर झालं की मिउरांच्या हाताखाली काम केलेला स्टुडिओ गागा चित्रं काढेल आणि कोउजी मोरी देखरेख करतील.

हे मोरी स्वतः मांगाकार आहेत, ‘होलीलँड’ त्यांचंच, आणि मिउरांचे शाळेपासूनचे दोस्त. सुमारे ३० वर्षांपूर्वी, ते ग्रहणाचं प्रकरण रचायचं होतं तेव्हा, मिउरांनी त्यांना सल्ल्याला म्हणून बोलावून घेतलं आणि आठवडाभर सोडलंच नाही. त्या मुक्कामात मिउरांनी सगळी गोष्ट शेवटापर्यंत सांगितली. म्हणजे मिउरा गेले तेव्हा ‘बर्सर्क’चा शेवट उरला होता तो एका मित्राच्या डोक्यात. पुन्हा सुरुवात करताना मोरींनी वाचकांना जो शब्द दिला तो मला महत्त्वाचा वाटतो: मिउरांनी मला सांगितलं तेवढंच लिहीन, पदरचं घालून फुगवणार नाही, जे नीट आठवत नाही ते लिहिणार नाही. श्रेय देतानाही वाटण्या स्वच्छ आहेत. मूळ कथा मिउरांची, चित्रं स्टुडिओ गागाची, देखरेख मोरींची.

हे वाचलं तेव्हा मला आमचे अण्णा आठवले. आमचं वाचनालय त्यांनी रविवार कारंज्याजवळच्या एका जिन्याखाली सुरू केलं. एका पावसाळ्यात कपाट गळलं आणि एका रहस्यकथेचा शेवटचा फर्मा सुटून गेला. सोळा पानं, म्हणजे नेमका खुनी. अण्णांनी दुसरी प्रत शोधली. सार्वजनिक वाचनालयात विचारून आले, रद्दीवाले पालथे घातले, मिळेना. पुस्तकाला मागणी तर रोजची. शेवटी एका रात्री शटर अर्धं ओढून ते फुलस्केप कागद घेऊन बसले आणि आठवला तसा शेवट निळ्या शाईने लिहून काढला. मोरचूद घातलेल्या खळीने ती पानं चिकटवली. वर लाल शाईत लिहिलं, ‘इथून पुढे मला आठवतं तसं. शब्द लेखकाचे नाहीत.’ आणि एका ठिकाणी तीन ओळी कोऱ्या सोडून कंसात, ‘इथे इन्स्पेक्टर काहीतरी बोलतो, आठवत नाही.’

एका सभासदाने त्यावरून वर्गणी परत मागितली होती. तुझा दादा तेव्हा जन्माला आलेला नव्हता, नाहीतर मला त्याचाच संशय आला असता.

पुष्कळ वर्षांनी दुसऱ्या एका सभासदाला पुण्यात रद्दीत त्या कथेची धड प्रत मिळाली. आम्ही दोन्ही शेवट शेजारी ठेवून वाचले. अण्णांचा खुनी बरोबर होता. खुनाचं कारणही बरोबर. पण शेवटचा पाठलाग पुस्तकात मुंबईच्या गोदीत होता आणि अण्णांनी तो गाडगे महाराज पुलाखाली, गोदावरीच्या पात्रात घडवला होता. मी विचारलं, तर म्हणाले, ‘मी गोदी कुठे पाहिलीय?’ मुद्दाम केलं नव्हतं त्यांनी. तीस वेळा वाचलेली कथा त्यांच्या डोक्यात केव्हाच नाशिकला राहायला आली होती.

मोरींच्या शब्दाला मी एवढं वजन देते ते यामुळे. सांगितलेली गोष्ट लक्षात राहते तेव्हा हाडं राहतात. कोण कोणाला भेटतो, कोण मरतो, कोण कोणाला माफ करत नाही, हे राहतं. मांस ज्याचं त्याचं चढतं. मोरी प्रामाणिकपणे सांगताहेत की माझ्याकडे हाडं आहेत. दादाची तक्रार मांसाबद्दल आहे, आणि ती खोटी नाही. एखादं पान शांत कधी ठेवायचं, गट्सचा चेहरा दाखवायचा की पाठ, हे मिउरा कागदावर बसल्यावर ठरवत असणार. ते कोणाला सांगून ठेवता येत नाही, तीस वर्षांपूर्वी तर नाहीच. स्टुडिओतली माणसं त्यांच्याच हाताखाली तयार झालेली, त्यामुळे रेघ खूप जवळ जाते. तरी बेचाळिसावा वाचताना गोष्ट थोडी घाईत चाललीय असं मला वाटलं, निरोप पोचवायला निघालेल्या माणसासारखी. पण डुप्लिकेट? डुप्लिकेट म्हणजे दुसऱ्याचं नाव लावून विकलेला माल. इथे पाटीच खरी लावलेली आहे.

‘अर्धवट राहिली तेच बरं’ हे मला सरसकट पटत नाही. मूळ माणसाची इच्छा काय होती, ते आधी बघावं लागतं. टिनटिन ही बेल्जियन चित्रकथा काढणारे एर्जे १९८३ मध्ये गेले. आपल्यामागे टिनटिन कोणी काढू नये, हे त्यांचं म्हणणं होतं. म्हणून हातातलं शेवटचं पुस्तक १९८६ मध्ये कच्च्या रेखाटनांसकट तसंच छापलं आणि टिनटिन तिथे थांबला. उलट ‘गोल्गो १३’ या मांगाचे ताकाओ साइतो २०२१ मध्येच गेले, तुमच्या मिउरांनंतर चार-पाच महिन्यांनी. माझ्यामागे चालू ठेवा, ही त्यांची इच्छा होती आणि त्यांचा स्टुडिओ १९६८ पासूनची ती मालिका चालवतोय. दोन्ही बरोबरच.

आणि दादाला एक विचार. ‘कादंबरी’ हा शब्द तो दिवसातून किती वेळा वापरतो? तो आला बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून. सातव्या शतकात, हर्षाच्या पदरी असलेला हा कवी ती पुरी न करताच गेला. उत्तरार्ध त्याच्या मुलाने लिहिला. त्याचं नाव कुठे भूषणभट्ट सापडतं, कुठे पुलिंद. सुरुवातीलाच तो सांगतो की वडील गेले आणि त्यांच्या वाणीबरोबर कथाही तुटली, ती अपुरी राहिल्याचं रसिकांना दुःख झालेलं पाहून मी हे हाती घेतलं, कवी असल्याच्या गर्वाने नव्हे. मुलाचा भाग बापाच्या तोडीचा नाही, असं पंडित आजवर म्हणत आलेत. खुशाल म्हणोत. पण ते म्हणण्यासाठी त्यांनाही तो वाचावा लागला, आणि मुलाचा भाग त्यांनी कपाटाबाहेर काही ठेवला नाही.

तू असं कर. बेचाळिसावा ड्रॉइंग बोर्डामागून काढ, तिथे कोपरे दुमडतात. एक्केचाळीस आणि बेचाळीसच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा उभा कर आणि त्यावर लाल शाईने लिही, ‘इथून पुढे मोरींना आठवतं तसं.’ त्यावर दादाची सही घे. सही केलीन तर खंड कपाटात राहील. नाही केलीन तर इकडे आणून दे, वरच्या खणात जागा आहे.

प्रश्न : ताई, मी नाशिकरोडला राहतो, प्रेसमधून निवृत्त झालो. माझा मित्र तीन अंकी नाटक लिहीत होता, दोन अंक झाले आणि तो गेला. तिसऱ्या अंकाबद्दल आम्ही जेल रोडवरच्या टपरीवर रोज बोलायचो. ते मी लिहून पुस्तक काढावं का?

उत्तर : लिहा, आजच बसा, कारण मोरींसारखेच तुम्हीही एकटेच साक्षीदार आहात. छापायच्या आधी मात्र त्यांच्या वारसांची लेखी परवानगी घ्या. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क वारसांकडे असतो. मैत्री कितीही जुनी असली तरी हक्क तुमच्याकडे येत नाही. दोन अंकांतला कानामात्राही बदलू नका. मुखपृष्ठावर दोघांची नावं आणि तिसऱ्या अंकाच्या वर तुमचं एकट्याचं. आणि जे तुम्हाला स्वतःला सुचलंय पण त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं, ते कितीही झकास असो, दुसऱ्या नाटकासाठी ठेवा.

प्रश्न : माझी सात वर्षांची मुलगी शिनचॅन बघते. तिला कोणीतरी सांगितलं की शिनचॅन काढणारे काका देवाघरी गेले. ती रडली आणि आता विचारते, मग शिनचॅन मोठा का होत नाही? काय सांगू?
— एक आई, इंदिरानगर

उत्तर : खरं तेच सांगा. योशितो उसुई सप्टेंबर २००९ मध्ये डोंगरात फिरायला गेले असताना कड्यावरून पडून गेले. त्यांचं हातातलं काम २०१० च्या सुरुवातीपर्यंत छापून आलं आणि त्याच वर्षी त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नवा’ शिनचॅन सुरू केला. तिथे वरच्या प्रश्नातली भानगड आली नाही, कारण शिनचॅनला कुठे पोचायचंच नाहीये. तो पाच वर्षांचा आहे, आई ओरडणार, तो पळणार. गट्सला मात्र सूड घेऊन शेवटापर्यंत जायचं होतं, म्हणून त्याला काढणारा माणूस वाटेतच गेला की रस्ताच संपला. मुलीच्या प्रश्नाचं उत्तर : काका पाच वर्षांचाच ठेवून गेले, आता त्याला मोठं करायला सगळे घाबरतात.

जाता जाता : ‘बर्सर्क’चा सातवा खंड फेब्रुवारीपासून कोणाकडे तरी आहे. वहीत सही वाचता येत नाही. आणून द्यावा, दंड घेणार नाही.