जीर्ण, जुनी आणि जिरलेली

लालबागच्या एका मंडळाच्या रक्तदान शिबिरासाठी माहितीपत्रक तयार होतंय. त्यातल्या एका वाक्याबद्दल विचारणा आली आहे: ‘मृत तांबड्या पेशी प्लीहेमध्ये नष्ट केल्या जातात.’ इथे ‘मृत’ चालेल, की ‘वृद्ध’ म्हणावं?

‘मृत’ नको. अस्थिमज्जेतून बाहेर पडलेली तांबडी पेशी साधारण १२० दिवस रक्तात फिरते आणि बहुधा चालती-फिरती असतानाच उचलली जाते. ती वाटेतच फुटली तर आतलं हिमोग्लोबिन रक्तद्रवात सांडतं आणि ते फार झालं की मूत्रपिंडांना सोसत नाही. मुंबईकराला हे समजायला जड जाऊ नये. पावसाळ्याच्या तोंडावर म्हाडाची अतिधोकादायक इमारतींची यादी येते, तेव्हा त्या इमारती उभ्याच असतात, गॅलरीत कपडेही वाळत असतात.

‘वृद्ध’ चूक नाही, पण मला खटकतो. धातू ‘वृध्’, म्हणजे वाढणे. ही पेशी उलट वयाबरोबर आक्रसते. तिच्या आवरणाचे बारीक तुकडे गळत जातात, ती लहान आणि कडक होते. आक्षेप जरा ओढूनताणून आहे, कबूल. आजोबाही आक्रसतातच की.

माझं मत ‘जीर्ण’ला. धातू ‘जॄ’, धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, अर्थ ‘वयोहानौ’, वय ओसरणे. जरा आणि जर्जर त्याच घरातले. या पेशीत केंद्रक नसतं, त्यामुळे नवी प्रथिनं करून स्वतःची डागडुजी करणं तिला जमत नाही. रोज नेसून धोतर विरावं, तशी ती वापरून विरते.

हे जीर्णपण ओळखलं कसं जातं? पांथरीत, म्हणजे प्लीहेत, तिला जेमतेम १ मायक्रॉन रुंदीच्या फटींतून अंग चोरून निघावं लागतं आणि तिचा स्वतःचा व्यास असतो ७-८ मायक्रॉन. ताजी पेशी वाकून सटकते, कडक झालेली अडकते. शिवाय अंगावरच्या खुणाही बदलतात. आवरणाच्या आतल्या बाजूला असणारा फॉस्फॅटिडिलसेरीन हा स्निग्ध पदार्थ बाहेर दिसू लागतो, काही प्रथिनांचे पुंजके होऊन त्यांना प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) चिकटतात आणि भक्षकपेशीला ‘मला खाऊ नकोस’ असं बजावणारं सीडी४७ हे प्रथिन कमी होतं. मग भक्षकपेशी तिला गिळते. पांथरीत, यकृतात, थोडंफार अस्थिमज्जेतही. सेकंदाला २० लाखांच्या वर पेशींचं हे होत असतं.

आणि इथे ‘जीर्ण’ची दुसरी बाजू कामाला येते. जीर्ण म्हणजे पचलेलंही. न पचलेलं ते अजीर्ण. ‘जीर्यते’वरून आपलं ‘जिरणे’ आलं आणि ‘जुना’ही याच धातूच्या ‘जूर्ण’ या रूपावरून. म्हणजे जुनी पेशी भक्षकपेशीच्या पोटात जिरते, हे वाक्य एकाच धातूवर उभं आहे! संस्कृतातून उसनं काही आणायची गरज नाही, जिरणे घरचंच आहे. (कोणाची जिरवणे हाही त्याचाच वापर, पण पत्रकात नको.)

म्हणूनच ‘नष्ट’ही मी काढेन. हिमोग्लोबिनमधलं लोह नव्या पेशींसाठी परत वापरलं जातं, रोज २० ते २५ मिलिग्रॅम. अन्नातून आपण शोषतो फक्त १-२. हीमचं, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या लोह धरणाऱ्या रंगीत भागाचं, लोह निघाल्यावर आधी हिरवं बिलिव्हर्डिन आणि मग पिवळं बिलिरुबिन होतं. गेल्या आठवड्यात दादरला लोकलमध्ये चढताना माझं कोपर दांड्यावर आपटलं. पहिल्या दिवशी डाग काळानिळा, मग कडेने हिरवट, आज हळदीसारखा पिवळा. कातडीखाली सांडलेलं रक्त भक्षकपेशी जिरवताहेत, तेच रंग.

एक शंका येईल: वैद्यकात ‘जीर्णज्वर’सारख्या शब्दांत जीर्ण म्हणजे दीर्घकाळ रेंगाळलेला. खरं आहे, पण तो आजाराला लागतो. पेशीला लावला तर कोणी गोंधळणार नाही.

तेव्हा पत्रकात असं घ्या: ‘जीर्ण झालेल्या तांबड्या पेशी मुख्यतः प्लीहेत (पांथरीत) आणि यकृतात भक्षकपेशी गिळून जिरवतात, त्यांतलं लोह नव्या पेशींसाठी पुन्हा वापरलं जातं.’ कंसातली पांथरी मात्र गाळू नका, शिबिराला येणाऱ्या आज्यांना तोच शब्द ठाऊक असतो.