सत्तर रुपयांचा हिशेब

कोर्ट नाका, ठाणे

अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज काल रात्री वाचला. दोन ओळींत उत्तर देण्यासारखा नव्हता, म्हणून पत्रच लिहिते. वाशीचा वर्षभराचा पॅरालीगल कोर्स, म्हणजे वकिलाच्या हाताखालच्या कामाचा, फी १,२०,०००, आणि ती भरायला संस्थेनेच गाठ घालून दिलेली फायनान्स कंपनी. ११ टक्के व्याज, ३६ हप्ते. ‘मावशी, घेऊ का?’ एवढंच विचारलंस. या अटींवर नको, असं माझं मत आहे. का ते सांगते, म्हणजे तुला भांडायला बरं.

हप्ता बसतो साधारण ३,९३० रुपये. तीन वर्षांत १,४१,००० च्या वर भरशील. हे तू पाहिलं असशीलच. पण घणसोलीच्या सीएंकडे तुला आज १३,००० मिळतात, ते हिशेबात कुठेच नाहीत. कोर्स दिवसाचा, म्हणजे नोकरी सुटली. वर्षाचे १,५६,००० गेले. फी धरून २,७६,०००, व्याज वेगळं. शिवाय हप्ता पहिल्याच महिन्यापासून सुरू. पहिल्या वर्षीचे ४७,००० बाबांच्या खिशातूनच जाणार ना?

संस्थेच्या बाई २५,००० पगार सांगतात. मिळतही असेल कुणाला. दिवाळीनंतर माझ्या वकिलीच्या ऑफिसात लागलेल्या मुलाला मी १७,००० देते. तुलाही तेवढेच धरू. आजच्यापेक्षा ४,००० जास्त, त्यातले ३,९३० हप्त्याला. उरले सत्तर. कोर्टाच्या आवारातल्या टपरीवर दोघांचा चहा-वडापाव.

आता त्या शब्दाबद्दल. आपल्याकडे पॅरालीगल हा सनदेचा, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा, पेशा नाही. सनद बार कौन्सिल देते, ती ॲडव्होकेट्स ॲक्ट, १९६१ खाली, आणि कोर्टात वकील म्हणून उभं राहायचा हक्क त्या सनदेचा. या सर्टिफिकेटने तसा कुठलाच हक्क येत नाही. मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी विधी सेवा प्राधिकरणाचे पॅरालीगल व्हॉलंटियर असतात, ते निराळे. त्यांना मिळतं ते कामाच्या दिवसापुरतं मानधन. त्यावर घर चालत नाही.

मग मी माणूस घेताना काय बघते? उद्याचा बोर्ड, म्हणजे कोर्टातल्या खटल्यांची यादी, रात्रीच बघून ठेवतो का. कोर्टाच्या कागदांच्या नकलेचा अर्ज न चुकता भरतो का. ई-फायलिंगला पीडीएफ अपलोड करताना पानं उलटसुलट तर लावत नाही ना. इंडेक्स टू (खरेदीखताच्या नोंदणीचा उतारा) आणि सातबारा वाचून ‘यात एक वारस सुटलाय’ हे त्याला दिसतं का. मराठी टायपिंग येतं का. इथे निम्मे अर्ज मराठीत, आणि इंग्रजी शाळेतली मुलं नेमकी तिथेच अडतात. ठाण्यात सोसायट्यांच्या मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे बिल्डरने न दिलेली जमीन-इमारत सोसायटीच्या नावे करून घेण्याची, कामं एवढी आहेत की उपनिबंधकांकडची फाइल नीट लावणारा माणूस कुणाही वकिलाला हवा असतो. हे सगळं कुणाच्या तरी टेबलाशी बसूनच येतं. भिंतीवरची फ्रेम मी आजवर कुणाला विचारलेली नाही.

माझीही एक फ्रेम होती. पतपेढीचं कर्ज काढून कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला होता. संस्था वर्षभरात बंद पडली, हप्ते मात्र चालूच. कामाचं म्हणशील तर ते शिकवलं एका म्हाताऱ्या कारकुनाने, चहाच्या बदल्यात. तेव्हा करारातलं जे कलम मी वाचलं नव्हतं, ते तू वाच: कोर्स अर्धवट सोडलास तर काय? या व्यवहारात बहुतेक वेळा फी संस्थेला आधीच पोचलेली असते आणि कर्ज तुझ्या नावावर राहतं. हप्ता चुकला तर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, तुझं बिघडतं, आणि सहकर्जदार म्हणून सही केली असेल तर बाबांचंही.

बँकेत विचारलंस का? बँकेच्या शैक्षणिक कर्जात साधारणपणे कोर्स संपून वर्षभर तरी हप्ता सुरू होत नाही, आणि चार लाखांपर्यंत तारण मागत नाहीत. पण कोर्स मान्यताप्राप्त लागतो. तिथून नकार आला तर कारण लिहून घे आणि ते दोनदा वाच.

शिकू नकोस असं मी म्हणत नाही. इग्नूचा पॅरालीगलचा डिप्लोमा दूरशिक्षणाने होतो, नोकरी सोडावी लागत नाही. ऐरोली-महापेच्या एखाद्या कंपनीने करारांचं काम देऊ केलं आणि ‘हे सर्टिफिकेट आणा’ असं लेखी दिलं, तर मी माझं मत बदलीन. आणि कर्ज काढायचंच असेल तर एलएलबीसाठी काढ. बी.कॉम. झालीच आहेस, सीईटी दे, तीन वर्षं. त्याच्या शेवटी निदान सनद आहे. त्या कागदावर जामीन म्हणून मी सही करीन, आईला विचारायचीही गरज नाही.

शनिवारी सीएंकडे अर्धा दिवस असतो ना तुला? दुपारी ट्रान्सहार्बरने ये. त्यांचं माहितीपत्रक आणि कर्जाचा छापील कागद आण, फोनमधला फोटो नको, बारीक अक्षर दिसत नाही मला. आणि संस्थेकडून गेल्या वर्षीच्या तीन मुलांचे नंबर मागून घे. फोन आपण इथूनच करू.

तुझी
वकीलमावशी