झेडपीच्या शाळेत शिकलेल्या मुलीला एमबीबीएस झेपेल का?

झेपेल. तुम्ही लिहिलंय की दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता सरकारी मेडिकलला नंबर लागलाय आणि नातेवाईक म्हणतात इंग्रजीपायी मागे पडशील. माझ्या वेळी हे आमचे मामा म्हणायचे. दर लग्नात, दर तेरवीत, चारचौघांत.

इंटर्नशिपला असताना पावसाळ्यात पहाटे कॅज्युअल्टीत दारव्ह्याकडचा एक तरुण आणला. पोट दुखतंय, दोन उलट्या झाल्या. माझ्यासोबतचा इंटर्न नागपूरच्या कॉन्व्हेंटचा, फाडफाड इंग्रजी. त्यानं अ‍ॅसिडिटी ठरवून पॅन्टॉपचं इंजेक्शन भरायलाही घेतलं. मी पेशंटकडे पाहिलं तर पापण्या अर्ध्यावर आलेल्या. वर बघ म्हटलं तर त्या उचलेनात. बायकोला विचारलं, "रात्री खाली झोपले होते का?"

"हो जी, गरमी होत होती तं खालीच टाकलं अंथरूण. पायटीपासून पोट दुखून रायलं मनते."

अंगावर दाताची खूण कुठंच नाही. पण पापण्या पडणं आणि पोटदुखी ही मण्यार सापाच्या विषाची लक्षणं. मण्यार अशीच चावते, झोपेत, न दुखवता. सरांना उठवलं, एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या औषधाच्या, दहा व्हायल लावल्या, तरी दुपारी व्हेंटिलेटरवर घ्यावाच लागला. नंतर चालत घरी गेला. पुस्तकातलं पान त्या मित्रालाही पाठ होतं, पण खाली झोपण्याचा प्रश्न त्याला सुचला नाही. आमच्या घरी पावसाळ्यात अंथरूण झटकल्याशिवाय कोणी टेकत नाही.

हे ऐकून मामा म्हणाले, "एक साप ओळखला तं काय मोठा डॉक्टर झाला?" त्यांचा स्वतःचा इंग्रजी माध्यमाचा मुलगा पहिल्याच वर्षी अ‍ॅनाटॉमीत अडकला होता, ते मात्र कोणी काढायचं नाही.

आता एवढं खरं की पहिलं वर्ष जड जातं. अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री, आणि पास व्हायला चारच संधी. व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा, इंग्रजीतच होते, म्हणून रूमवर हाड हातात घेऊन मोठ्यानं बोलायची सवय करा. मनातल्या मनात वाचलेलं परीक्षकासमोर तोंडातून निघत नाही.

बाँडचंही, म्हणजे शिकून झाल्यावरच्या सक्तीच्या सरकारी सेवेचंही, विचारलंय. माझ्या वेळी एक वर्ष सरकारी नोकरी, नाहीतर दहा लाख दंड असं होतं. मामा म्हणाले होते, पैसे भर आणि मोकळा हो. मी पीएचसीत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात, वर्ष काढलं. मामांच्या बीपीच्या गोळ्या त्याच पीएचसीतून जायच्या, फुकट.